मोज्याच्या विणीतला ताण

होजिअरीचे कापड ताणले जाते ते मुख्यतः विणीमुळे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना आवळून धरतात. मोज्यात किंवा बनियनमध्ये फासात फास अडकवत वीण तयार होते. कापड ओढले की फासाची वाकणे सरळ होतात आणि त्याच्या एका भागातले सूत दुसऱ्या भागाकडे सरकते. ताण सुटल्यावर फास परत फिरतो, पण सुताचे सुतावरचे घर्षण त्याला पुरता परतू देत नाही. गुडघ्यापाशी, घोट्यापाशी हा फरक साचत जातो आणि अंगाला बिलगणारे कापड ढगळ लागू लागते. धुतल्यावर फास बऱ्याच अंशी जागेवर येतात. झिजेचे तसे नाही. बुटात घासून तंतूंची टोके वर येतात, त्यांच्या बारीक गोळ्या होऊन हाताला खरखर लागते, पुढे तंतू तुटतात आणि टाच विरते.

हा फास यंत्रावर आणला नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम लीने, १५८९ मध्ये. त्याच्या पहिल्या यंत्रात इंचाला आठच सुया होत्या, त्यामुळे वीण जाडीभरडी निघे. पुढे त्याने सुया वाढवून रेशमी मोजे विणले. फास जितका बारीक, तितके कापड तलम. साध्या विणीचा मोजा रुंदीत ताणला जाई, पण पायावर घट्ट बसून राहत नसे. १७५९ च्या सुमारास जेडिडाया स्ट्रटने डर्बीत उलट-सुलट टाक्यांची उभ्या पट्ट्यांची वीण यंत्रावर आणली. या पट्ट्या सैल असताना एकमेकींत मिटतात आणि ओढल्यावर उलगडतात. मोज्याच्या वरच्या काठाला आजही हीच वीण असते.

चांगल्या मोज्याला पायाचा आकार विणतानाच दिला जाई: पोटरीपाशी फास वाढवायचे, घोट्यापाशी घटवायचे. असा मोजा कडेने उसवत नसे. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही व्यापाऱ्यांनी रुंद यंत्रावर सरळ कापड विणून, ते कापून, शिवून स्वस्त मोजे बाजारात आणले. कापलेल्या कडेचे फास मोकळे राहत. पाय घालताना शिवणीवर ताण आला की ते सुटत आणि मोजा लवकरच उसवे. नाव जाई ते साऱ्या धंद्याचे, मजुरी घटे ती कारागिरांची. १८११ च्या मार्चमध्ये अर्नोल्ड गावात यंत्रे फुटली, ती या रागातून. यंत्रे फोडणाऱ्या या कारागिरांना, म्हणजे लुडाइटांना, सरसकट यंत्राचे शत्रू म्हणणे हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे. विणायचे यंत्र तेव्हा दोनशे वर्षांहून जुने होते आणि तेच त्यांच्या पोटापाण्याचे साधन होते. हलका माल आणि पडती मजुरी यांविरुद्ध त्यांची तक्रार होती. फेब्रुवारी १८१२ मध्ये उमरावांच्या सभागृहात त्यांची बाजू मांडताना कवी बायरनने या मालाच्या निकृष्टपणाकडेही बोट दाखवले होते. तरीही यंत्र फोडणाऱ्याला देहदंड देणारा कायदा त्याच वर्षी झाला. आकार देऊन विणण्याचे काम यांत्रिक शक्तीवर सफाईने होऊ लागले, ते १८६४ मध्ये विल्यम कॉटनने पेटंट घेतलेल्या यंत्रामुळे.

कापड हाताला कसे लागते, ही स्पर्शाची गोष्टही मोजता येते हे मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधले एफ. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये दाखवले. कापड स्वतःच्या वजनाने किती वाकते यावरून त्यांनी त्याचा ताठपणा आकड्यांत मांडला. १९५९ मध्ये संशोधक मंडन यांनी साध्या विणीचे कापड ताणमुक्त झाल्यावर कोणते माप धरते, ते प्रामुख्याने फासातल्या सुताच्या लांबीवर ठरते, हे सिद्ध केले. तेव्हापासून ती लांबी सांभाळणे ही कारखान्यातली महत्त्वाची दक्षता ठरली.

दरम्यान सूतच बदलले होते. १५ मे १९४० रोजी नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विक्रीला आले. नायलॉनला उष्णतेने पायाचा आकार कायमचा देता येतो, म्हणून ते रेशमासारखे घोट्यापाशी गोळा होत नसत. मात्र एक तंतू तुटला की टाके वरपर्यंत सुटत जात. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने शोधलेला, पुढे लायक्रा नावाने विकला गेलेला तंतू स्वतःच लांबीच्या कित्येक पट ताणला जाऊन परततो. फासाला मागे खेचण्याचे काम त्याने उचलले. पण क्लोरिन आणि अति उष्णता त्याला मारक आहेत. तो आत तुटला तरी वरचे सूत शाबूत दिसते. कापड ताणले जाते, परतत मात्र नाही, आणि एकही भोक न पडता मोजा टाकून द्यावा लागतो.