किल्ला उघडला, चौकाचे काय?

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. गोव्याचा मात्र या शहराशी त्याहून जुना संबंध आहे, आणि तो काही गोड नाही. गोवा हाती येऊन दोनच वर्षे झाली होती, तोच १५१२ साली पोर्तुगीजांनी सुरत जाळली. १५३० साली पुन्हा तेच. या धास्तीने गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याने तापीकाठी किल्ला बांधायचा हुकूम दिला आणि खुदावंद खानाने १५४० ते १५४६ या काळात तो पुरा केला. म्हणजे सुरतेच्या या किल्ल्याचे एक कारण आपल्या मांडवीच्या मुखाशीही सापडते.

गंमत अशी की शहर राखायला बांधलेला हा किल्ला ऐन वेळी शहराच्या उपयोगी पडला नाही. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला आणि त्याने दरवाजे लावून घेतले. वरून तोफा डागल्या खऱ्या, पण त्यांनी मराठ्यांपेक्षा सुरतकरांच्याच घरांची नासधूस अधिक केली. दाराबाहेर उरली ती रयत.

पुढे १७५९ साली किल्ला इंग्रजांकडे गेला. १८६२ साली सैन्य हलले आणि महसूल व पोलीस खात्याच्या कचेऱ्या आत आल्या. धनी बदलले, पण सामान्य माणसाला आत जायचे कारण पडले तर ते अर्जापुरतेच. सुरत महानगरपालिकेने किल्ल्याची डागडुजी करून त्याचे संग्रहालय केले, हे म्हणूनच मोठे काम. आता तिकीट काढून कोणीही आत जातो.

पण किल्ल्यासमोरच्या चौक बाजाराचे काय? किल्ला, गांधी बाग, १८५० सालचे अँड्र्यूज वाचनालय, आणि थोड्या अंतरावर १६४४ साली यात्रेकरूंसाठी बांधलेली मोगल सराई (आज तिथे महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे). एवढा इतिहास पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे, पण मधला रस्ता वाहनांचा. जानेवारी २०२१ मध्ये भूमिपूजन झालेल्या सुरत मेट्रोचे एक भुयारी स्थानक याच चौकात येते. खणलेला रस्ता पुन्हा बांधताना तो कोणासाठी बांधायचा, हा खरा प्रश्न. अशी संधी शंभर वर्षांत एखादेवेळी येते.

शहराच्या आग्नेयेला गोडादरा आहे. तिथे आणि शेजारच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात. कोणी मागावर, कोणी कापडबाजारात. सुट्टीच्या दिवशी असे कुटुंब पोराबाळांसह चौकात आले, तर त्याला काय हवे? सावलीचे झाड, बसायला कट्टा, प्यायला पाणी, स्वच्छतागृह, आणि पोराचा हात न ओढता ओलांडता येईल असा रस्ता. शेंगदाणे विकणाऱ्याला तिथून हाकलू नये, एवढे आणखी. दिव्यांची रोषणाई आणि फरशीची नक्षी त्यानंतर.

आपल्या पणजीतले उदाहरण पाहा. आझाद मैदानातल्या मंडपात पूर्वी आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा होता. तो जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला आणि मंडपात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांचे स्मारक आले. पण मैदान खऱ्या अर्थाने 'आझाद' झाले ते पुतळा हलवल्याने नव्हे. लोक तिथे बसू लागले, धरणी धरू लागले, सरकारला जाब विचारू लागले, म्हणून झाले. जागेचे नाव फलकावर लिहिता येते, पण तिची मालकी वापराने ठरते.

सुरतेच्या किल्ल्याने दार उघडायला पावणेपाचशे वर्षे घेतली. आता दाराबाहेरचा चौक मोटारींना देऊन टाकला, तर इनायत खानाच्या वेळेसारखे पुन्हा व्हायचे: आतले सुरक्षित, बाहेरची रयत वाऱ्यावर. गोडादऱ्याहून आलेल्या एखाद्या आजीला त्या चौकात घटकाभर निवांत टेकता आले, की समजावे, काम पुरे झाले.