हिरवळीची लव

क्रिकेटच्या किंवा फुटबॉलच्या एखाद्या मोठ्या मैदानाकडे उंचावरून पाहिलें, म्हणजे त्याच्या हिरवळीवर एक फिकट व एक गडद असे पट्टे ओळीनें आखलेले दिसतात. पुष्कळांची समजूत अशी असते, कीं ही दोन जातींच्या गवतांची पेरणी असावी, किंवा एक पट्टा आखूड व दुसरा लांब कापलेला असावा. दोन्ही तर्क चुकीचे आहेत. गवत एकच आणि त्याची उंचीहि एकच. मैदानाच्या दुसऱ्या टोकास जाऊन पाहावें, तों मघांचा फिकट पट्टा गडद झालेला असतो आणि गडद होता तो फिकट!

या चमत्काराची उकल शेतकऱ्यापेक्षां कापडाच्या व्यापाऱ्यास लवकर होईल. मखमलीच्या ठाणावरून एकदां इकडून व एकदां तिकडून हात फिरविला, कीं तिच्यावर उजळ व काळसर अशा दोन छटा उमटतात. कारण तिची लव ज्या बाजूस कलली असेल त्याप्रमाणें प्रकाश तिच्यावरून परततो. गवताचेंहि तेंच. कापणी-यंत्राच्या मागें एक जड रूळ असतो. यंत्र पाहणाऱ्यापासून दूर गेलें, कीं गवताचीं पातीं पलीकडे कलतात, त्यांचीं सपाट अंगें त्याच्या नजरेसमोर येतात आणि तीं प्रकाश परतवितात. तो पट्टा फिकट. यंत्र वळून त्याच्याकडे आलें, कीं पात्यांचे शेंडे त्याच्या बाजूस होतात. मग त्याला दिसतात ते केवळ शेंडे आणि त्यांच्यामधील सावल्या. तो पट्टा गडद.

कापडाचा हा दाखला केवळ शोभेसाठीं दिलेला नाहीं. हें यंत्र जन्मलेंच मुळीं कापडाच्या गिरण्यांच्या शेजारीं.

इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड नांवाचें गांव आहे. तेथील खोऱ्यांत लोकरीचें उंची कापड होई. इंग्रजी पलटणींच्या लाल डगल्यांकरितां त्याची मोठी ख्याति होती. विणलेलें कापड कुटून घट्ट केल्यावर काटेरी बोंडांनीं त्याची लव वर उभी करीत, आणि मग कातरणारे कारागीर अवजड कात्र्यांनीं ती सारखी छाटीत. हात किंचित् चुकला, तर महागाचें ठाण वायां जावयाचें. साहजिकच या कारागिरांना मजुरी बरी मिळे व ते मानानें राहत. पुढें लव उभी करणारीं व छाटणारीं यंत्रें आलीं, आणि त्यांच्या पोटावर पाय आला. १८०२ सालीं शेजारच्या विल्टशायर परगण्यांत गिरण्यांवर हल्ले झाले. त्यांतील एक गिरणी जाळल्याच्या आरोपावरून टॉमस हेलिकर या उमेदवार कारागिराला २२ मार्च १८०३ रोजीं फांशी देण्यांत आलें. त्याचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. ट्रोब्रिज येथील चर्चच्या आवारांत त्याची कबर आहे.

यंत्र मात्र थांबलें नाहीं. १८१५ सालीं स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोम येथील जॉन ल्यूइस यानें, मळसूत्राप्रमाणें वळणदार सुऱ्या फिरवून लव छाटणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. अशा यंत्रांच्या सहवासांत वावरणारा एडविन बडिंग नांवाचा एक कसबी माणूस होता. जी सुरी कापडाची लव छाटते, ती जमिनीची लव कां छाटणार नाहीं, असें त्याच्या मनांत आलें. जॉन फेराबी या कारखानदारानें भांडवल घातलें, आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजीं पेटंट मिळालें. त्या पेटंटांतील शब्दहि कापडकामांतलेच आहेत. त्यांत हिरवळीचा पृष्ठभाग ‘कातरण्याची’ भाषा आहे. यंत्र लोखंडी, एकोणीस इंच रुंदीचें. मागचा रूळ जमिनीवरून फिरूं लागला, कीं दांत्यांच्या चाकांच्या योगानें सुऱ्यांचें नळकांडें त्याच्या एका फेऱ्यास सोळा फेरे घेई. म्हणजे ज्या रुळानें यंत्राला गति मिळे, त्याच रुळाखालीं कापलेलें गवत कलून निजे. पट्टे हे कोणी मुद्दाम योजलेले नव्हेत. तें त्या रुळाचें उमटलेलें पाऊल होय.

बडिंग आपलें यंत्र रात्रीं चालवून पाही, असें सांगतात. शेजाऱ्यांनीं वेडा ठरवूं नये म्हणून, अशी त्याची मीमांसा केली जाते. परंतु काळ पाहतां दुसऱ्याहि भयाला जागा होती. त्याच १८३० च्या ऑगस्टअखेरीस केंट परगण्यांत शेतमजुरांनीं मळणीचीं यंत्रें फोडण्यास सुरुवात केली, आणि हिंवाळ्यापर्यंत तें लोण दक्षिण इंग्लंडभर पसरलें. त्यापायीं १९ जण फांशी गेले व चारशेंहून अधिकांना समुद्रापार हद्दपार करण्यांत आलें. हिरवळ कापणाराहि मजूरच होता. लांब दांड्याचा त्याचा विळा दंवानें भिजलेल्या गवतावरच नीट चाले. म्हणून तो पहांटे कामाला लागे. नवें यंत्र कोरड्या गवतावर अधिक चांगलें चाले, आणि विळे व झाडू घेतलेल्या कित्येकांचें काम दोन माणसें उरकीत.

खेळाच्या मैदानांवर हें यंत्र यावयास मात्र वेळ लागला. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर गवत आखूड ठेवण्याचें काम मेंढ्या करीत. स्मिथफील्डच्या सोमवारच्या बाजारासाठीं निघालेलीं मेंढरें आदल्या शनिवारीं तेथें चरावयास सोडीत. १८५० च्या सुमारास तेथें यंत्र आलें. तें पाहून रॉबर्ट ग्रिम्स्टन हे उमराव घराण्यांतील सभासद इतके संतापले, कीं रस्त्यावर काम करणारे मजूर बोलावून त्यांनीं तें फोडविलें, अशी आख्यायिका आहे. त्यांना कोणी न्यायासनापुढें नेलें नाहीं. १८८३ सालीं ते त्याच क्लबाचे अध्यक्ष झाले.

पुढील वाटचाल झपाट्याची आहे. इप्सविचच्या रॅन्सम कंपनीनें १८३२ पासून परवान्यानें हीं यंत्रें बनविलीं. स्कॉटलंडांतील शँक्स यांनीं १८४२ च्या सुमारास तट्टू जुंपलें; अशा जनावरांच्या खुरांना, हिरवळीवर ठसे उमटूं नयेत म्हणून, चामड्याचे जोडे चढवीत. १८५९ सालीं लीड्सच्या टॉमस ग्रीन यांनीं साखळीवर चालणारें, कमी आवाजाचें यंत्र काढलें; १८९३ सालीं वाफेचें आलें व १९०२ सालीं पेट्रोलचें. बडिंग यांतलें फारसें पाहूं शकला नाहीं. तो १८४६ सालींच वारला होता.

रुळाचें हें पाऊल पुढें कलेचा विषय झालें, तें एका नुकसानीच्या निमित्तानें. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिल्वॉकी शहराच्या बेसबॉल मैदानाची हिरवळ एका संगीत-जलशानें खराब झाली. तेथील डेव्हिड मेलर यानें निरनिराळ्या दिशांनीं रूळ फिरवून अशी नक्षी काढली, कीं प्रेक्षकांची नजर त्या खराब जागांवर ठरेना. मग ही हौस पसरली. इंग्लंडांतील लेस्टर सिटी या फुटबॉल संघानें २०१५–१६ च्या हंगामांत अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां त्याच्या मैदानावरील वर्तुळें व चौकटी संघाइतक्याच गाजल्या. परंतु २०१७–१८ पासून प्रीमियर लीगनें अशा नक्षीस मनाई केली, आणि मैदानाच्या रुंदीला धरून आडवे, सरळ पट्टेच मान्य केले. कलावंत माळ्यांना तें रुचलें नसेल. पण आडव्या पट्ट्यांचा, ऑफसाइड पाहणाऱ्या पंचाच्या डोळ्याला थोडा आधार होतो, हेंहि खरेंच.

आपल्याकडील मैदानांवर हे पट्टे विलायतेइतके ठसठशीत क्वचितच उठतात, तें गवताच्या जातीमुळें. विलायतेंतील राय गवताचें पातें मऊ व चकचकीत असतें. तें सहज कलतें. आपली हरळी आखूड पात्याची व ताठ. तिच्यावर तेच पट्टे धरून पुन्हां पुन्हां रूळ फिरवावा लागतो, आणि ती फारच खालून कापली, तर तिला कलावयास अंगच उरत नाहीं.