जवस, कापूस आणि मोटारीचा रंग

आमची जुनी फियाट रंगवायला काढली तेव्हा नागपुरातल्या एका रंगाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ड्युको मारायचा की इनॅमल?" आम्ही पटकन 'ड्युको' म्हणून मोकळे झालो. थोडा इतिहास आठवला असता, तर तसे म्हटले नसते.

गंमत अशी, की या दोन्ही रंगांची मुळे विदर्भातल्या पिकांत आहेत. एकाचे जवसात, दुसऱ्याचे कापसात.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. रंगद्रव्य जवसाच्या तेलात खलायचे आणि ब्रशने थरावर थर द्यायचे. या तेलातल्या लिनोलेनिक आम्लात तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन घेऊन तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा होतो. म्हणजे तेल 'वाळते' तेव्हा सुरुवातीला त्याचे वजन चक्क वाढते! (संवेदनशील तराजू असेल तर काचपट्टीवर तेल पसरून विद्यार्थ्यांना हे दाखवता येईल.) नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (स्थापना १९४२) तेल आणि रंग या दोन्हींचे तंत्रज्ञान शिकवले जात आले आहे, नातेच तसे जवळचे आहे.

पण तेलाच्या रंगाने एक गाडी पुरी व्हायला आठवडे लागत. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज मिळते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या दारूसाठी त्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले होते. त्याच पदार्थापासून ड्युपाँ कंपनीने 'ड्युको' बनवला आणि १९२३ साली अमेरिकेत तो ओकलंड मोटारींवर आला. द्रावक उडाला की रंग वाळला. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. १९३०च्या सुमारास अल्किड इनॅमलच्या रूपाने तेल पुन्हा परतले.

आमची चूक इथेच झाली. ड्युको कितीही जुना असला तरी थिनरमध्ये विरघळतो; इनॅमल विरघळत नाही, पण फुगते. आमच्या गाडीवर आधीच्या मालकाने इनॅमल मारले होते. त्यावर ड्युकोचा फवारा बसला आणि सगळे बॉनेट दुधावरच्या सायीसारखे सुरकुतले. थिनरचा बोळा एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात आधी फिरवला असता तर कळले असते. रंग बोळ्याला लागला तर ड्युको, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झाले नाही तर बहुधा भट्टीत भाजलेला किंवा दोन घटकांचा पॉलियुरेथेन.

पॉलियुरेथेन सर्वांत टिकाऊ, हे खरे. पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे रंगाऱ्याला कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तिथे आम्ही हा रंग मारून घेणार नाही.

मग गाडी पत्र्यापर्यंत उघडी केली. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे न घासता पाणीपेपर वापरला. तोवर पावसाळा लागला होता. दमट हवेत ड्युको मारला की उडणारा द्रावक पृष्ठभाग थंड करतो, त्यावर दव धरते आणि रंग पांढुरका पडतो. उलट नागपूरच्या मे महिन्यात फवाऱ्यातले थेंब पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकू लागतात. आम्ही नोव्हेंबरपर्यंत थांबलो. प्राइमर देऊन वर ड्युकोच मारला. काही वर्षांनी तो तडकेल, पण तेवढाच भाग दुरुस्त करता येतो.

कारखान्यातला मूळ रंग आता फक्त डिकीच्या आत, तळहाताएवढा उरला आहे.