न वांकणारी पाठ

मराठी भाषेनें पाठीच्या कण्यास जो मान दिला आहे, तो शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही हाडास क्वचितच मिळाला असेल. निर्भय पुरुषास आपण ताठ कण्याचा म्हणतों; लाचारास कणा नाहीं म्हणतों; संकटांत जो साहाय्यास येतो तो आपल्या पाठीशीं उभा राहतो, आणि जो टाकून जातो तो पाठ फिरवितो. परंतु ज्याचा कणा हाडामांसाच्या अर्थानें ताठ झाला आहे, जो वांकूं इच्छितो आणि वांकूं शकत नाहीं, त्यास आपण काय म्हणतों? घरांत त्यास आळशी म्हणतात, गांवांत वाताचा म्हणतात, आणि चाळिशी उलटली म्हणजे अकालीं म्हातारा झालेला म्हणतात. या दुखण्याचा इतिहास वाचकांसमोर थोडक्यांत मांडावा असा आमचा विचार आहे. आमच्या मतें तो केवळ वैद्यकाचा इतिहास नाहीं. रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवावयास समाजास किती काळ लागतो, याचाही तो इतिहास आहे.

रोगाचें शास्त्रीय नांव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. ग्रीक भाषेंत 'स्पाँडिलोस' म्हणजे मणका आणि 'अँकिलोस' म्हणजे वांकडा. आपण ज्यास ताठ म्हणूं त्यास या नांवांत वांकडा म्हटलें आहे, हें प्रथम विचित्र वाटतें. पण दोन्ही वर्णनें खरीं आहेत. कणा ताठ होतो, आणि पुष्कळदां पुढें झुकलेल्या स्थितींत ताठ होतो. कमरेच्या तळाशीं, जेथें त्रिकास्थि आणि कटीचीं हाडें मिळतात, त्या सांध्यांत बहुधा प्रथम दाह सुरू होतो. दाहाच्या जागीं कालांतरानें नवें हाड धरतें. हा क्रम वर्षानुवर्षें वर सरकत जातो, आणि कांहीं रुग्णांत शेवटीं मणक्यांच्या माळेची एकसंध काठी बनते. सर्वांची गति इथपर्यंत जात नाहीं. परंतु ज्यांची जाते त्यांस मान वळवून मागें पाहणेंही दुरापास्त होतें. बरगड्यांचे सांधे जखडले म्हणजे छाती पुरती फुगत नाहीं, आणि मधूनमधून डोळाही लाल होऊन दुखूं लागतो.

या रोगाचा एक विशेष असा आहे कीं, त्यामुळेंच रुग्णावर अन्याय होतो. श्रमानें दुखावलेली पाठ विश्रांतीनें बरी होते. ही पाठ विश्रांतीनें अधिक आखडते आणि हालचालीनें मोकळी होते. यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या जमिनीचा कापसाचा मुलूख डोळ्यांपुढें आणावा. निंदणापासून वेचणीपर्यंत येथलें बरेंच काम कमरेंतून वांकून करावें लागतें. विशीबाविशींतला मुलगा उत्तररात्रीं पाठ धरून जागा होतो. पहाटे त्यास अंथरुणावरून उठवत नाहीं. भिंतीचा आधार घेत अर्धा-पाऊण तास तो कसाबसा काढतो. आणि तोच मुलगा दिवस वर आल्यावर चारचौघांसारखा चालूं लागतो. पाहणारांचा निष्कर्ष ठरलेला असतो: कामाला निघायच्या वेळीं याचें दुखतें, मग बरें होतें! म्हणजे जी रोगाची सर्वांत खरी खूण, तीच ढोंगाचा पुरावा ठरते. मुलीची व सुनेची स्थिति याहून कठीण. हा पुरुषांचा रोग आहे अशी वैद्यकाचीच दीर्घकाळ समजूत असल्यामुळें, स्त्रियांचें निदान आणखी लांबत गेलें.

आतां इतिहासाकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत वाताचे ८० विकार सांगितले आहेत. त्यांत त्रिकग्रह, पृष्ठग्रह आणि कुब्जत्व हीं नांवें येतात. 'ग्रह' म्हणजे धरणें, जखडणें. या शब्दांनीं नेमका आजचाच रोग अभिप्रेत होता असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि कंबर धरणें, पाठ धरणें आणि कुबड येणें या तिहींची नोंद आपल्या पूर्वजांनीं केली होती, एवढें निश्चित. युरोपांत सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्यानें फ्रान्समध्यें सांपडलेल्या एका सांगाड्याचें वर्णन केलें. त्यांत कटीचीं हाडें, मणके आणि बरगड्या मिळून एकच अखंड हाड झालें होतें. या वर्णनांतला माणूस मृत आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. हाडांनीं साक्ष दिली तेव्हां ती टिपली गेली. तो माणूस जिवंतपणीं काय सांगत होता, याची नोंद कोणीं ठेवली नाहीं.

जिवंत रुग्णांचें बारकाईनें वर्णन व्हावयास आणखी दोनशें वर्षें लागलीं. रशियांत बेख्तेरेव्ह यांनीं १८९३ मध्यें, जर्मनींत स्ट्रम्पेल यांनीं १८९७ मध्यें आणि फ्रान्समध्यें पिएर मारी यांनीं १८९८ मध्यें या रोगाचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. मध्यंतरीं १८९५ मध्यें राँटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला, आणि त्वचेआडचा कणा पाहण्याची सोय झाली. आपल्या देशांत तर निदानाची अडचण दुहेरी होती. मणक्यांचा क्षय हा येथें परिचित रोग. त्यानेंही पाठ दुखते आणि कुबड येतें. इंग्रज शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं त्याचें वर्णन १७७९ मध्येंच केलेलें होतें. क्षयाचें कुबड बहुधा एका जागीं टोंकदार निघतें, तर या रोगांत सबंध पाठ कमानीसारखी झुकते. परंतु आरंभींच्या वर्षांत, पाठ सरळ दिसत असतांना, हा भेद कोण करणार?

निदान झालें म्हणजे सुटका झाली, असेंही नव्हतें. दुखणाऱ्या सांध्यास विसांवा द्यावा हा सर्वमान्य न्याय येथेंही लावण्यांत आला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक ठिकाणीं अशा रुग्णांस दीर्घकाळ निजवून किंवा प्लास्टरच्या साच्यांत बांधून ठेवीत. चालल्यानें बरें वाटतें असें रुग्णाची पाठ सांगत होती. वैद्य त्यास निजवीत होते. पुढें क्ष-किरणांनीं उपचार सुरू झाले. वेदना कमी होई. परंतु १९५७ मध्यें ब्रिटनमध्यें कोर्ट ब्राउन आणि डॉल यांनीं असे उपचार घेतलेल्या १३,००० हून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, आणि त्यांच्यांत रक्ताच्या कर्करोगाचें प्रमाण वाढल्याचें दिसून आलें. हळूहळू तो मार्ग मागें पडला. दाहशामक गोळ्या आणि नित्य व्यायाम हा उपचाराचा पाया ठरला. १९७३ मध्यें लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं, या रुग्णांपैकीं बहुतेकांच्या पेशींवर एचएलए-बी२७ नांवाची एक आनुवंशिक खूण असते. ही खूण असलेल्या बहुसंख्य माणसांस हा रोग कधींच होत नाहीं, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. नाहीं तर एका तपासणीवरून मुलामुलींचीं लग्नें मोडावयास आपला समाज मागेंपुढें पाहणार नाहीं. २००३ च्या सुमारास दाहाचें मूळच रोखणारीं इंजेक्शनें या रोगासाठीं मान्य झालीं. तीं महाग आहेत, आणि अंगांत दबून राहिलेला क्षय त्यांनीं जागा होऊं शकतो, म्हणून आधीं क्षयाची तपासणी करणें अवश्य असतें.

अशा पाठीनें जगावें कसें, हा प्रश्न औषधानें पुरता सुटत नाहीं. त्यासाठीं आम्ही वाचकांस जवळचेंच एक चरित्र आठवावयास सांगतों. वणी तालुक्याच्या पूर्वेस वर्धा नदी ओलांडली म्हणजे वरोऱ्याचा मुलूख लागतो. तेथील आनंदवनाचे संस्थापक मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे हे २६ डिसेंबर १९१४ रोजीं हिंगणघाटास जन्मले. वकिली सोडून त्यांनीं १९४९ मध्यें महारोगी सेवा समिति स्थापिली, हें सर्वांस माहीत आहे. त्यांच्या पाठीचा रोग हाच नव्हता, हें स्पष्ट केलें पाहिजे. तो स्पाँडिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज. नांवें कानास सारखीं लागतात, रोग भिन्न आहेत. परंतु त्यानें लादलेलें जिणें जवळचें होतें. उत्तरायुष्यांत त्यांस बसतां येईनासें झालें. उभें राहावें, चालावें किंवा आडवें व्हावें, एवढेंच उरलें.

ही स्थिति असतां १९८५ च्या डिसेंबरांत, वयाच्या ७१ व्या वर्षीं, त्यांनीं कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण-तरुणी सायकलींवर आणि बाबा वाहनांत आडवे, अशी ती काश्मीरच्या दिशेनें गेली. १९८८ मध्यें ईशान्येकडून गुजरातेपर्यंत दुसरी यात्रा झाली. १९९० मध्यें आनंदवन सोडून ते नर्मदेच्या कांठीं कसरावद येथें जाऊन राहिले, आणि तेथेंही देशभरांतून येणाऱ्या माणसांशीं ते अंथरुणावर निजूनच बोलत. ९ फेब्रुवारी २००८ रोजीं आनंदवनांत त्यांचा अंत झाला.

या चरित्रावरून सहनशीलतेचा धडा काढण्याची आपल्याकडे रीत आहे: बाबांनीं एवढें सोसलें, मग तुला काय झालें? हा धडा आम्हांस खोटा वाटतो. बाबांनीं बसण्याचा हट्ट धरला नाहीं. जें काम बसून होतें तें त्यांनीं उभ्यानें किंवा निजून होईल असें मांडून घेतलें. तें मांडावयास साधनाताई होत्या, सहकारी होते, आणि समाजानें टाकलेल्या माणसांनीं उभारलेलें सबंध आनंदवन होतें. शिवाय त्यांच्या दुखण्यास साक्षीदार लागत नव्हता. तें देशास ठाऊक होतें. झरी किंवा मारेगांवच्या शेतकऱ्याच्या मुलापाशीं यांतलें कांहींच नसतें. त्याच्यापाशीं नसतें तें पुरविणें, हें त्याच्या घराचें काम आहे.

तें काम फार मोठें नाहीं. पंचेचाळिशीच्या आंत सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली, आणि विश्रांतीनें न थांबतां हालचालीनें उतरणारी पाठदुखी ही थकवा नव्हे, इतकें ओळखावें आणि रुग्णास शासकीय रुग्णालयांत न्यावें. यवतमाळास १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. चमक भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ पाठीवर घेण्याची चाल आपल्याकडे आहे. सांधला गेलेला कणा वरून मजबूत दिसला तरी आंतून ठिसूळ असतो, आणि लहानशा आघातानेंही मोडूं शकतो, म्हणून असले उपाय कटाक्षानें टाळावे. निजावयास सपाट बिछाना व पातळ उशी द्यावी. रोजचा व्यायाम औषधाइतकाच नेमानें होऊं द्यावा. जेवावयास पाटाचा आग्रह न धरतां टेबल-खुर्ची मांडावी. सकाळचा पहिला तास त्याचा त्यास द्यावा.

आणि आणखी एक. सणावारीं, लग्नकार्यांत, वडीलधाऱ्यांच्या पायां पडण्याची वेळ येते. सगळे वांकतात, हा एकटा हात जोडून उभा राहतो, आणि मागून कोणी तरी म्हणतो, काय ताठा आहे पाहा! मराठींत ताठरपणास आणि गर्वास हा एकच शब्द आहे. भाषा बदलणें आपल्या हातीं नाहीं. परंतु त्याचा उभ्यानें केलेला नमस्कार घेऊन त्याच्या पाठीवर हलकेंच हात ठेवणें, एवढें घरांतल्या वडिलांच्या हातीं खास आहे.