महसील आणि तहसूल

उमापुरात आमच्या घराच्या माळवदावर अजून एक मराठी टाइपरायटर पडून आहे. मी तो १९७९ पासून सांभाळलेल्या धंद्याचा शेवटचा पुरावा समजतो. गेवराई आणि शेवगावच्या बाजूला कुठल्या कचेरीत मशीन अडलं की पिशवीत डाखणी, रॉकेलची बाटली, ब्रश आणि दोन-तीन रिबनी टाकून मी एस.टी. धरायचो. या धंद्याचा इतिहास लिहायचा तर कंपन्यांच्या आधी मला माझी फजितीच आठवते.

कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका सरकारी कार्यालयातल्या टाइपरायटरचे दोन टाइप निखळले होते, ‘म’चा आणि ‘त’चा. मी डाख देऊन ते बसवले, घाईघाईत आकडे आणि चार अक्षरं ठोकून पाहिली आणि शेवटच्या गाडीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी टंकलेखकानं त्याच मशीनवर परिपत्रकाचं स्टेन्सिल कापलं. स्टेन्सिल कापताना रिबन बाजूला करतात. टाइप थेट मेणकागदावर आदळतो, त्यामुळे काय उमटलं ते नीट दिसत नाही. सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवून शंभरेक प्रती निघाल्या, तेव्हा उजेड पडला. वर ‘महसील कार्यालय’, खाली ‘तहसूल’ आणि मजकुरात जागोजाग ‘मलाठी’. मी दोन्ही टाइप एकमेकांच्या जागी चिकटवले होते.

बोलावणं आलं. साहेब तापलेले होते. मी मान खाली घालून उभा राहिलो. पण तिथले निवृत्तीला आलेले अव्वल कारकून पोट धरून हसत होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेलं. ते म्हणाले, “पोरा, तू फार काही बिघडवलं नाहीस. दोन्ही शब्द अरबी, एकाच मुळाचे. ह, स, ल. तहसील म्हणजे गोळा करणं, महसूल म्हणजे गोळा झालेलं. तू नुसत्या त्यांच्या टोप्या बदलल्यास!”

आमच्या भागाचा इतिहास मला असा, शिव्या खायला गेलो असताना कळला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि दरबारी कारभार उर्दूत चाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या कायद्यानं मराठी राजभाषा ठरली. लिपी बदलली, तशी कचेऱ्यांना देवनागरी मशीनं लागली. गोदरेजनं देशी टाइपरायटर १९५५ मध्येच काढला होता. शब्द मात्र जुनेच राहिले. मोडीत, उर्दूत आणि टाइपात तहसील ती तहसीलच. मोडली ती फक्त माझ्या हातून, एका दिवसापुरती.

मराठी मशीनची नस ‘काना’त असते. ख, ध, भ, श, ण अशी अक्षरं अर्धी ठोकून पुढे काना जोडायचा. काना केसभर सरकला तरी पानभर अक्षरं फाटलेली दिसतात. त्यामुळे काना तपासायला मी कधी विसरलो नाही. विसरलो ते साधे, कुणीही पाहील असे ‘म’ आणि ‘त’.

पुढे झेरॉक्स आली आणि फजितीचा रंग काळा झाला. पंख्याखाली टोनरची बाटली उघडली आणि सगळी भुकटी माझ्या पांढऱ्या शर्टावर आली. घरी जाऊन तो कढत पाण्यात भिजवला. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पूड. मशीनचा गरम रोलर तीच वितळवून कागदावर पक्की करतो. चेस्टर कार्लसननं २२ ऑक्टोबर १९३८ ला कोरड्या पुडीची पहिली प्रत काढली, त्याचा उत्तरार्ध मी बादलीत पार पाडला. शर्ट झटकून थंड पाण्यात टाकायचा असतो, हे नंतर कळलं.

गोदरेजनं २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं. त्याआधीच माझी पिशवी हलकी झाली होती. आता पुतण्या प्रिंटर दुरुस्त करतो. बटण दाबलं की मशीन स्वतःच चाचणीचं पान काढतं, रंगीत पट्ट्या आणि इंग्रजी मजकूर. माझं चाचणीचं पान एकाच ओळीचं होतं. त्या परिपत्रकानंतर ती ओळ ठोकल्याशिवाय मी कुठल्याही कचेरीतून बाहेर पडलो नाही, मग गाडी चुकली तरी चालेल: तलाठी, तहसील, महसूल.