आकडा कोणाचा, निष्कर्ष कोणाचा?

उपकरण निवडताना तुम्ही आधी काय बघता? गोल्फच्या लेझर रेंजफाइंडरचा इतिहास बघा. 1960 मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला. पुढे तो गोल्फच्या मैदानावरही आला: प्रकाश झेंड्याच्या काठीवरून परत यायला किती वेळ लागतो, ते मोजायचं. 1 नॅनोसेकंद चुकला की अंतर 15 सेंटीमीटरने चुकतं.

2006 पासून स्थानिक नियम करून अंतर मोजायला परवानगी देता येऊ लागली. 2019 पासून ती सरसकट मिळाली. पण चढ-उतार धरून फटक्याचं अंतर सुचवणारी सोय वापरायला मनाई राहिली. का? अंतर हे मोजमाप. फटका किती लांब मारायचा, हा खेळाडूचा निर्णय.

तुमचं उपकरणही नुसता आकडा देतंय, की परस्पर निष्कर्ष काढतंय? तसं असेल, तर ती सोय बंद करता येते ना, हे घेण्याआधीच बघा.