कार्ल्याची लढाई आणि माळ्यावरची बंदूक

एकवीरेच्या दर्शनाला आपण कार्ला फाट्यावरून कितीदा वळतो! पण इथे तोफा धडाडल्या होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रजांची जेमतेम चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यात त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी शत्रूच्याही शौर्याला दाद दिली, त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. वडगावात त्याची समाधी आजही आहे. पुढे महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांनी इंग्रजांना असं जेरीस आणलं की तळेगावच्या तळ्यात जड तोफा ढकलून ते रात्रीच मागे फिरले. वडगावात कोंडी झाली आणि तह करावा लागला.

त्या काळच्या बंदुका पाहण्यासारख्या आहेत. आपल्याकडे जास्त करून तोड्याची बंदूक. चाप ओढला की जळती वात रंजकीवर टेकायची आणि बार उडायचा. पावसात वात विझायची, अंधारात तिचा ठिपका दिसायचा. कंपनीच्या शिपायाकडे गारेची बंदूक, वर संगीन. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडायची, वात सांभाळायची कटकट नाही.

जाणकार संग्राहक अशी बंदूक हातात घेतली की आधी चापाजवळची पट्टी बघतो. कंपनीच्या जुन्या बंदुकांवर हृदयाच्या आकाराचा शिक्का असतो, बऱ्याचदा कारागिराचं नाव आणि सालही. एकोणिसाव्या शतकात त्या शिक्क्याच्या जागी सिंह आला. म्हणजे नुसत्या शिक्क्यावरूनही काळ कळतो. आणि आपण काय करतो? दसऱ्याला पॉलिश पेपरने घासून चकचकीत करतो. गंजाबरोबर शिक्काही जातो! नाहीतर भंगारात किलोवर घालतो.

शिक्का साल सांगेल, पण ती बंदूक तुमच्या घरात कशी आली हे फक्त आजोबाच सांगतील. ती हकीकत गेली की उरतं नुसतं लोखंड.

कायद्याचं म्हणाल तर, जी जुनी बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही, तिला १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. चालू शकणारी असेल, तर ती वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतो. शंका असेल तर लपवू नका, पोलीस ठाण्यात विचारा. शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हेही दलालाला ठणकावून सांगा. आणि हो, नळीत जुना बार ठासलेला असू शकतो. पोरांच्या हाती देऊ नका, चाप ओढून बघू नका.

पुण्यात केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं बघायला मिळतात. पण ज्या मावळात ही लढाई झाली, तिथल्या घरांमधल्या वस्तूंची साधी नोंदवही तरी असावी की नको? ग्रामपंचायत, शाळा, तरुण मंडळं, कुणीही सुरुवात करा. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहू द्या. फोटो, माप, शिक्का आणि आजोबांची हकीकत, एवढं लिहून ठेवलं तरी पुष्कळ.

तुमच्या घरी काय ऐकलंय? कॉमेंटमध्ये हकीकत लिहा. पत्ता मात्र टाकू नका.